वीतभर वारं

कुंडलच्या शालूबाईचं थंडीशी उभं वैर होतं. चाळीस वर्षं ती बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालून शेक द्यायचं काम करत आली होती. बाळंतिणीच्या अंगात एकदा गारठा शिरला की तो म्हातारपणी कंबर धरूनच बाहेर येतो, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. सासूचं दुसरं काही तिनं जन्मात ऐकलं नाही, पण एवढं मात्र पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

तिच्या लेखी थंडीच्याही जाती होत्या. कुंडलची थंडी उसाची. कॅनॉलचं पाणी प्यालेल्या रानातून पहाटे उठायची, अंगाला ओली लागायची आणि ऊन पडलं की पाहुण्यासारखी निघून जायची. कडेगावची थंडी माळाची, कोरडी, ओठ फोडणारी. तिथली माणसंही तशीच फटकळ, असं शालूबाईचं मत होतं. त्याला कारण एवढंच की तिची सख्खी नणंद कडेगावात दिलेली होती. सांगलीची थंडी तर तिच्या खिजगणतीतच नव्हती. "नदीकाठची माणसं उगं मफलर गुंडाळून हिंडत्यात. त्येला थंडी म्हणत न्हाईत, त्येला हौस म्हणत्यात," असं ती म्हणायची. तसं हे सगळीकडचंच आहे. ज्याला त्याला आपल्या गावची थंडी खरी वाटते आणि दुसऱ्याची नुसती गार हवा.

शालूबाईची शेक द्यायची रीत ठरलेली. बाळंतिणीला कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तिला सुंभाच्या बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकायची. मग बाळाला मांडीवर घेऊन, तळहात शेगडीवर गरम करून त्याची छाती-पाठ शेकायची. हे करण्याआधी दार लावायचं, खिडकी लावायची, उंबऱ्यापाशी पोतं दाबून बसवायचं. तरी कौलांच्या फटींतून वारं यायचंच, वळचणीतून यायचं, भिंतीतल्या भोकांतून यायचं. मग शालूबाई वर बघून घरमालकाचा उद्धार करायची. "पडल्या पडल्या आभाळ दिसतंय, ह्येला काय घर म्हणायचं?" तिच्या शेगडीला धूर मात्र कधी नसायचा. शेणी-गोवऱ्या बाहेर अंगणात पुऱ्या फुलवून, धूर संपवून मगच ती शेगडी आत आणायची. "शालूबाईच्या शेगडीला धूर न्हाई," असं गावात म्हणायचे, आणि ते ऐकलं की ती दोन बोटं उंच व्हायची.

चाळीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेलं एकही बाळ दगावलं नव्हतं. ती हे कुणाला सांगायची नाही, दृष्ट लागते म्हणून. पण तिला ते रोज आठवायचं.

त्या डिसेंबरात तिला त्रिशलाबाईंचा निरोप आला. त्रिशलाबाईंचं घर कुंडलातल्या जुन्या जैन शेतकऱ्यांपैकी. त्यांचा सम्मेद जन्मला तेव्हा शालूबाईनंच मायलेकरांना सव्वा महिना शेकलं होतं. तोच सम्मेद आता पाचगणीत एका शाळेत गणित शिकवत होता. त्याच शाळेत मुलींना खेळ शिकवणारी कुसुम त्यानं बायको करून आणली होती, आणि कुसुमला आता मुलगी झाली होती.

"तुमीच चला शालूबाई," त्रिशलाबाई फोनवर म्हणाल्या. "तिच्या आईला येता येत न्हाई. तिकडं बर्फ पडून रस्ते बंद पडल्यात म्हणं."

"बर्फ? कुठली हाय पोरगी?"

"हिमाचलातली. सफरचंदाची बाग हाय त्यांची, डोंगरावर."

शालूबाईनं मनातल्या मनात त्या डोंगराला आपल्या थंड्यांच्या यादीत कुठं बसवावं याचा विचार केला आणि ते काही जमलं नाही म्हणून सोडून दिला.

पाचगणीच्या भाड्याच्या घरात बाज नव्हती, नुसते पेटीचे दिवाण. त्यांच्या खाली शेगडी कुठं सरकवणार? म्हणून त्रिशलाबाईंच्या माजघरातली बाज, सम्मेदनं पाचगणीहून न्यायला पाठवलेल्या त्याच्या शेजारच्या जोतीरामच्या जीपच्या टपावर बांधली. मागं शेणींचं एक पोतं टाकलं. शालूबाईनं आपल्या घरच्या लसणाच्या सालांची पुरचुंडी कमरेला खोचली, कारण त्रिशलाबाईंच्या घरात लसूण शिवत नसत. सम्मेदच्या वेळेलाही ती अशीच पुरचुंडी घेऊन गेली होती आणि त्रिशलाबाईंनी न बघितल्यासारखं केलं होतं. बाज टपावर डुलत डुलत कराड, सातारा, वाई करत पसरणीचा घाट चढली. जोतीराम वाईचा. तो सारा रस्ता एकच सांगत होता, "मावशी, पाचगणीची थंडी दिसायला मोठी, पन कातड्यावरची. वाईची थंडी हाडातली." शालूबाईनं कुंडलची बाजू मांडली. घाट संपला तरी निकाल लागला नव्हता.

घरात शिरल्या शिरल्या शालूबाई हरखली. बंगल्याच्या वरच्या मजल्यावरचं घर, स्लॅबचं. भिंतीला एक चीर नाही, वर आभाळ दिसत नाही, खिडक्यांना काचा अशा बसलेल्या की मुंगीला वाट मिळू नये. "घर असावं तर असं," ती त्रिशलाबाईंना म्हणाली. जन्मभर फटींशी भांडलेल्या बाईला जणू पेन्शन मिळालं होतं.

मग तिनं बाळंतीण बघितली. कुसुम उंच, गोरीपान, आठवड्याची बाळंतीण. अंगात साधा पातळ झगा, डोक्याला काही नाही, पाय गोधडीच्या बाहेर. आणि खिडकी उघडी.

"आगं आई!" शालूबाईनं पिशवी खाली टाकली आणि पहिल्यांदा खिडकी लावली. मग कुसुमच्या डोक्याला फडकं बांधलं, कानांत कापूस घातला, पायांत मोजे चढवले. कुसुम हसत होती.

"मावशी, ये ठंड नहीं है," ती म्हणाली. मग मराठीत सांगायचा प्रयत्न केला, "ही थंडी नाही. हा पंखा आहे."

"पंखा!" शालूबाईला ते लागलं. पाचगणीची थंडी तिची नव्हती, तरी लागलं.

संध्याकाळी कुसुमच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. इकडे त्रिशलाबाई स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी अशा थाटात मोबाइलसमोर बसल्या आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "यहाँ बहोत ठंडी पडेली है, विहीणबाई." तिकडे विहीणबाईंच्या मागं खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. झाडं पांढरी, छपरं पांढरी, आणि त्या स्वतः नुसत्या एका साध्या स्वेटरात, ओंजळीत चहाचा पेला धरून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, नळात पाणी गोठलंय, बर्फ वितळवून भांडी घासतो. सगळं घर गार असतं; एकच खोली तापवतो आणि सगळी माणसं, पाहुणे, मांजर, त्याच खोलीत बसतो. खोलीच्या मधोमध लोखंडी तंदूर, आणि त्याचं नळकांडं छपरातून बाहेर काढलेलं. त्रिशलाबाईंनी हळूच कानटोपी काढून मांडीखाली घातली. शालूबाईनं ते नळकांडं बघितलं आणि मनात म्हणाली, एवढी ऊब करायची आणि निम्मी आभाळाला वाटायची, काय ही माणसं!

दुसऱ्या दिवसापासून शेक सुरू झाला आणि खिडकीचं भांडणही. शालूबाई शेगडी आत आणायची, खिडकी लावायची. तिची पाठ वळली की कुसुम हात लांब करून खिडकी सरकवायची.

"मावशी, इतनी. एवढी." ती अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवायची.

"बाळंतिणीला वारं लागतंय, बाई."

"पण मावशी, कोयला असतो ना, अंगीठी, तर खिडकी थोडी उघडी पाहिजे. आमच्याकडे एका घरात…"

कुसुमनं पुढचा शब्द उच्चारला मात्र, त्रिशलाबाई ताटलीतला डिंकाचा लाडू तसाच ठेवून धावल्या. "चूप! बाळंतघरात असलं अभद्र बोलू नये." शालूबाईनं कानाला हात लावला, बाळावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि त्या शेगडीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. कुसुम गप्प बसली. नव्या घरात मोठ्यांपुढं किती बोलायचं याचा हिशेब तिकडच्या डोंगरातही असतो. पण त्यानंतर रोज ती मुकाट्यानं वीतभर खिडकी उघडायची, आणि शालूबाई थोडं पुटपुटून सोडून द्यायची. पोरीला सवय आहे, आपल्याला काय!

असे आठ दिवस गेले. कुसुमच्या गालावर तजेला आला, बाळाच्या मांड्यांना वळ्या पडू लागल्या. शालूबाईला पाचगणी आवडू लागली. फक्त शेणींचं पोतं संपत आलं.

नवव्या दिवशी तीन गोष्टी एकदम झाल्या. शेणी संपल्या, म्हणून जोतीरामनं वाईच्या बाजारातून लाकडाच्या लोणारी कोळशाचं पोतं आणून टाकलं. थंडीची लाट आली. पेपरात महाबळेश्वरला दव गोठल्याचा फोटो छापून आला आणि खालच्या मजल्यावरच्या माणसांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे जण त्याचा अभिमान सांगत सुटले. आणि सकाळी बाळ दोनदा शिंकलं.

शिंकेनं शालूबाईचं काळीज हललं. कृष्णेच्या खोऱ्यातून वर येणारं वारं दिवसभर काचांवर थडकत होतं. आज खिडकीचे लाड नाहीत, तिनं ठरवलं. रात्रभर बाळानं जागवल्यामुळं कुसुम दुपारी न्हाणं होताच बाजेवर गाढ झोपली, त्यामुळं भांडायला कुणी नव्हतं. शालूबाईनं खिडकीची कडी घट्ट लावली. दाराखालच्या फटीत आपलं जुनं लुगडं चुंबळ करून दाबलं. कोळसा गच्चीवर फुलवला, लालबुंद केला, आणि थंडी मोठी म्हणून एका शेगडीच्या दोन केल्या. दोन्ही आत आणल्या. काय कोळसा होता! धुराचा एक धागा नाही. डोळ्याला पाणी नाही, घशाला खवखव नाही. आपल्या चाळीस वर्षांत इतका सोज्वळ निखारा तिनं बघितला नव्हता.

सम्मेद शाळेत गेला होता. त्रिशलाबाई मागच्या बाजूला स्वयंपाकात. शालूबाई भिंतीला टेकून बसली, बाळ मांडीवर. खोली हळूहळू अशी उबली की कुंडलचा वैशाख आठवावा.

थोड्या वेळानं तिचं डोकं दुखू लागलं. घाटाची हवा, ती म्हणाली. मग पोटात ढवळलं. दुपारची पुरणपोळी जड गेली, ती म्हणाली. बाळ झोपलं होतं. इतकं शांत ते जन्मल्यापासून कधी झोपलं नव्हतं, आणि गाल कसे लाल दिसत होते! शेक असा लागायला पाहिजे, तिला वाटलं. तिनं बाळाला कुसुमच्या कुशीत ठेवलं. ठेवताना आपले हात आपले नाहीत असं वाटलं. उठून पाणी प्यावं म्हणाली, तर पाय उठेनात. कुणाला तरी हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण कुणाला मारायची तेच आठवेना. शेगडीतले निखारे फार सुंदर दिसत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

त्रिशलाबाईंच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, हा नेम पिढ्यान्‌पिढ्यांचा. शालूबाई त्यावरून त्यांना चिडवायची, "वैनी, कोंबड्या खुराड्यात जायच्या आदी तुमची भांडी घासून व्हत्यात." थंडीत दिवस लहान, म्हणून कुसुमचं ताट साडेपाचला यायचं, पाच मिनिटं इकडे नाही, पाच मिनिटं तिकडे नाही. त्या दिवशी टेबललँडच्या पठारावर ऊन उतरलेलं बघून त्रिशलाबाई उलट घाईत होत्या. त्यांनी ताट घेऊन दार ढकललं, तर दार अडलं. खांद्यानं रेटलं, तेव्हा लुगड्याची चुंबळ सरकली आणि आतली हवा त्यांच्या तोंडावर आली. भिंतीशी शालूबाई कलंडून पडलेली. "शालूबाई! शालूबाई!" बाजेवरून कुसुमनं डोळे अर्धे उघडले, बोट वर केलं आणि जड जिभेनं एकच शब्द म्हणाली.

"खिडकी…"

घट्ट लावलेली कडी अडकून बसली होती. त्रिशलाबाईंनी एकदा हिसका दिला, दोनदा दिला, आणि मग तिथला पितळी तांब्या उचलून काच फोडली. बाळाला उचललं, ओरडत ओरडत गॅलरीत नेलं. खालच्या मजल्यावरची माणसं धावत आली. जीप धुवत असलेला जोतीराम धावत आला. कुसुमला उचललं, शालूबाईला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. शेगड्या गच्चीवर नेऊन त्यांच्यावर पाणी ओतलं.

हे सगळं शालूबाईला नंतर कळलं. तिला आधी जाणवली ती थंडी. गालाला, कानाला, उघड्या गळ्याला झोंबणारं खोऱ्यातलं वारं. पाठीखाली गार फरशी. कुणी मेल्यानं दार उघडं टाकलं, असं तिच्या मनात आलं. मग सगळं एकदम आठवलं आणि ती उठायला धडपडली.

"बाळ? वैनी, बाळ?"

त्रिशलाबाई गॅलरीच्या कठड्याशी बाळाला वाऱ्याकडे तोंड करून धरून उभ्या होत्या, त्या उघड्या थंडीत, डोक्याला टोपडंसुद्धा नाही. शालूबाईनं जन्मात असं कुणाला करू दिलं नसतं. ती त्या दोघींकडे बघत राहिली. चाळीस वर्षांतली सगळी बाळं तिच्या डोळ्यांपुढून गेली. देवा, माझं काय करायचं ते कर, तिचं नको.

बाळ आधी कुरकुरलं. मग तोंड वाकडं केलं. मग त्यानं असा टाहो फोडला की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. शालूबाईचा जीव भांड्यात पडला. ती फरशीवर बसल्या बसल्या रडली, मोठ्यानं, बाळाच्या आवाजात आवाज मिसळून.

सम्मेद आला तसा जोतीरामनं सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि घाट उतरून वाईच्या दवाखान्यात नेलं. मायलेकरांना आणि शालूबाईला रात्रभर नाकाला प्राणवायूची नळी लावून ठेवलं. सकाळी डॉक्टरांनी तिघींना तपासलं, रक्ताचे कागद बघितले, आणि काळजीचं काही उरलं नाही असं सांगितलं. सम्मेदनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी शालूबाईला खुर्चीवर बसवून समजावलं, "आजी, बंद खोलीत कोळसा जळाला की एक वायू होतो. त्याला धूर नाही, रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं. आणखी अर्धा तास गेला असता तर…" एवढं बोलून ते थांबले.

"सांगा," शालूबाई म्हणाली. "पुरं सांगा."

डॉक्टरांनी पुरं सांगितलं. शालूबाईनं खाली न बघता ऐकलं.

"मग कुंडलात आजवर कसं काय न्हाई झालं?" तिनं विचारलं.

"घर कसलं होतं?"

"कौलांचं. सगळीकडनं फटी."

"त्या फटींनीच सांभाळलं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

जीप पुन्हा घाट चढू लागली. या खेपेला जोतीरामनं थंडीचा विषय काढला नाही. ज्या फटींना आपण चाळीस वर्षं शिव्या घातल्या, त्यांनीच आपली अब्रू राखली आणि आपण मात्र ती आपल्या हाताची करामत समजत होतो, हे शालूबाईच्या मनातून जाईना.

घरी आल्यावर तिनं पिशवी भरली. लुगडं, चष्मा, तंबाखूची डबी, लसणाच्या सालांची पुरचुंडी. मग कुसुमच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली.

"मी जाती बाई. माझ्या हातनं आता ह्ये काम नगं. दुसरी कोन तरी बगा."

कुसुमनं बाळ तिच्याकडे धरलं. शालूबाईनं हात मागं घेतले.

"मावशी, बसा," कुसुम म्हणाली. "तेव्हा सांगत होते ते आता सांगू?"

त्रिशलाबाई दारातच होत्या. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "सांग. मीच तुजं तोंड धरलं तवा. सांग."

कुसुमनं सांगितलं, थोडं हिंदीत, थोडं मराठीत. तिची एक चाची होती. लग्न होऊन पहिलाच हिवाळा. नव्या घराला तंदूर बसवायचा होता, तोवर अंगीठी घेऊन नवरा-बायको झोपली, दार-खिडकी लावून. सकाळी दार तोडावं लागलं. कुसुम तेव्हा सात वर्षांची होती. तेव्हापासून गावात प्रत्येक घरी पहिला बर्फ पडला की म्हातारी माणसं पोरांना जवळ बसवून आधी हीच गोष्ट सांगतात, आणि मग आग पेटवतात.

"दरवर्षी?" शालूबाईनं विचारलं.

"दरवर्षी. आम्ही कंटाळतो. तरी सांगतात."

"आणि आमी तुला गप केलं."

"मी पण गप्प बसले, मावशी. मलाही जोरात बोलायला पाहिजे होतं." कुसुमचे डोळे भरून आले, पण ती हसली. "आता शेक कोण देणार? माझी कंबर दुखते. माझी मम्मी बर्फात आहे. तुम्हीच आहात ना!"

तिनं बाळ पुन्हा पुढं धरलं. बाळाचा एक पाय गोधडीतून बाहेर आला होता, उघडा, आणि ते तो जोरजोरात झाडत होतं. शालूबाईनं पिशवी खाली ठेवली. तो पाय हातात धरला, चांगला गरम होता. मग तिनं बाळ घेतलं आणि बराच वेळ कुणाला दिलं नाही.

फुटलेल्या काचेच्या जागी सम्मेदनं पुठ्ठा लावला होता. दुसऱ्या दिवशी शेगडी एकच आली, ती निखारे अर्धे घालून. शालूबाईनं स्वतःच्या हातानं शेजारची खिडकी उघडली, अंगठा आणि करंगळी ताणून माप घेतलं आणि मग वर आणखी दोन बोटं सरकवली. कुसुम ओरडली, "मावशी, थंडी वाजते!" ते ऐकून त्रिशलाबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. हिमाचलच्या पोरीला पाचगणीत थंडी वाजली, ही बातमी त्यांनी त्याच संध्याकाळी विहीणबाईंना कळवली. बारशाला मुलीचं नाव ब्राह्मी ठेवलं. सव्वा महिना पुरा करून शालूबाई कुंडलला परतली, बाज टपावर बांधून.

फेब्रुवारीत दादासोंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. दादासो गावातले मोठे बागाईतदार. त्यांनी गेल्याच साली कौलारू घर पाडून स्लॅबचा बंगला बांधला होता आणि खिडक्यांना सरकत्या काचा बसवल्या होत्या. शालूबाई आली, तिनं घर चारी बाजूंनी बघितलं आणि शेगडी अंगणातच ठेवून आत आली.

"आदी सगळी हितं बसा," ती म्हणाली. "लेकीला बी बसवा. एक गोष्ट सांगती."

दादासो, त्यांची बायको, लेक, सगळे बसले. शालूबाईनं कुसुमच्या चाचीची गोष्ट सांगितली आणि तिच्यामागोमाग स्वतःची. डॉक्टर जिथं थांबले होते तिथं ती थांबली नाही. दादासोंची बायको कानावर हात ठेवून उठायला लागली.

"आवं शालूबाई, बाळंतघरात असलं बोलत्यात व्हय?"

"बोलायचंच, वैनी. न बोलून काय हुतंय ते मी बघून आलीया." तिनं उठून खिडकीची काच सरकवली आणि फटीत आपला पंजा ताणून धरला. रानातलं, उसाचं, ओलं गार वारं आत आलं. "एवढी ऱ्हाऊ द्या. आता शेगडी आना."